पैसा एकाचा, संमती दुसऱ्याची, शिकणारा तिसराच

२६ जानेवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ‘ओपन डब्ल्यूएचओ’ या संगणकीय शिक्षणमंचावर एका नव्या विषाणूविषयीचा अभ्यासक्रम खुला केला. त्या दिवशी जागतिक आणीबाणी जाहीर व्हावयाची होती; ती ३० जानेवारीला झाली. रोगाला नावही नव्हते. ‘कोविड-१९’ हे नाव मिळाले ते ११ फेब्रुवारीला. रोगाचे बारसे होण्यापूर्वीच त्याविषयीचा पाठ जगापुढे आला होता. मार्च महिना संपण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमासाठी दोन लाखांहून अधिक नावनोंदणी झाली. तो ज्या भाषांत गेला त्यांत पोर्तुगीज, तुर्की आणि इंडोनेशियन अशा, संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांच्या यादीत नसलेल्या भाषाही होत्या.

ही तत्परता एका रात्रीत अंगी आलेली नव्हती. हा मंच २०१७ सालच्या जूनमध्ये, साथी आणि आपत्ती डोळ्यांसमोर ठेवूनच सुरू करण्यात आला होता. पाठाचा साचा आधीच ठरलेला होता: लहान लहान भाग, साध्या चित्रपट्ट्या आणि त्यांना आवाजाची जोड, मंद जोडणीवरही उतरवून घेता येईल असे साहित्य आणि शिकणाऱ्याने आपल्या सवडीने पुरा करावयाचा अभ्यास. शिवाय संकटकाळात संमतीचे जिने भराभर चढले जातात, हेही खरे. सामान्य काळात मात्र आंतरराष्ट्रीय संस्थांचे ई-शिक्षणाचे प्रकल्प फार निराळ्या गतीने चालतात. तासाभराचा पाठ तयार होण्यास महिनोन्‌महिने लागतात. तो शिकणाऱ्याच्या हाती पडतो तेव्हा त्यातील काही भाग जुना झालेला असतो, आणि भाषांतर तर वरातीमागून घोडे यावे तसे येते.

हा दोष दूर करण्यासाठी प्रकल्प व्यवस्थापनाच्या आधुनिक, विशेषतः संगणकाच्या आज्ञावली तयार करणाऱ्या उद्योगातून आलेल्या पद्धती स्वीकाराव्यात, असा आग्रह गेली काही वर्षे धरला जात आहे. आग्रह रास्त आहे. परंतु एका घरासाठी शिवलेला अंगरखा दुसऱ्याच्या अंगावर चढवताना माप पुन्हा घ्यावे लागते. आंतरराष्ट्रीय संस्थेच्या बाबतीत हे माप नेमके कोठे चुकते, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास अधिक स्पष्ट होते.

पूल आणि पाठ

वाणिज्य किंवा व्यवस्थापनाचा अभ्यास केलेल्यांना जुन्या पद्धती परिचित आहेत. हेन्री गँट यांचा आलेख पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँ कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ पद्धती आकाराला आली, आणि १९५८ साली अमेरिकेच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ तंत्र वापरात आणले. या सर्व पद्धतींच्या मुळाशी एक गृहीतक आहे: काय बांधावयाचे हे आधी ठाऊक असते, केव्हा आणि किती खर्चात एवढाच प्रश्न उरतो. पुलाचा खांब उभा राहिल्यानंतर तो शंभर फूट वर सरकवा असे कोणी म्हणत नाही.

शिक्षणाच्या आखणीतही हेच वळण आले. १९७५ साली फ्लोरिडा राज्य विद्यापीठात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या आराखड्यातून विश्लेषण, आखणी, निर्मिती, अंमलबजावणी आणि मूल्यमापन ही पंचपदी रूढ झाली. ती शिकवण्यास सोपी व कागदावर नेटकी आहे. अडचण अशी, की मूल्यमापन शेवटी येते. आणि पाठ शिकणाऱ्याला कळला नाही हे समजते तेव्हा पैसा संपलेला असतो. आज्ञावलींच्या क्षेत्रात हा धोका विन्स्टन रॉइस यांनी १९७० सालीच दाखवून दिला होता. एकामागून एक पायऱ्या उतरत जाणाऱ्या, पुढे ‘धबधबा’ म्हणून ओळखल्या गेलेल्या पद्धतीचे चित्र त्यांच्या निबंधात आहे, आणि चाचणी अखेरीस ठेवणे जोखमीचे असल्याचा इशाराही त्याच निबंधात आहे. अनेकांनी चित्र उचलले आणि इशारा वगळला.

या अनुभवातून पुढे दुसरी विचारधारा निर्माण झाली. ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ साली नव्या उत्पादनांच्या निर्मितीची तुलना रग्बीच्या खेळाशी केली: संपूर्ण संघ चेंडू एकमेकांकडे देत एकत्र पुढे सरकतो. या उपमेतूनच ‘स्क्रम’ हे नाव आले. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञांनी एकत्र येऊन या विचाराचा जाहीरनामा काढला आणि ‘ॲजाइल’, म्हणजे चपळ, हा शब्द रूढ झाला. दोन ते चार आठवड्यांचा टप्पा घ्यावा, त्यात वापरता येईल असे काहीतरी पुरे करावे, ते ग्राहकाला दाखवावे आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे पुढची दिशा ठरवावी, हे त्याचे सार. शितावरून भाताची परीक्षा करावी हे आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला ठाऊक असलेले शहाणपण. फरक इतकाच, की येथे शीत मधूनमधून चेपून पाहण्याचा नियमच केला गेला.

पाठ हा पुलासारखा नसतो. कोणते वाक्य परिचारिकेला अडेल आणि कोणते चित्र शिक्षकाला उमगणार नाही, हे दाखवून पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून ई-शिक्षणाला दुसरी विचारधारा अधिक जवळची आहे. तथापि प्रश्न येथे संपत नाही, येथूनच तो सुरू होतो.

तीन मालक

चपळ पद्धतीचा सारा डोलारा ‘ग्राहक’ या एका शब्दावर उभा आहे. खासगी बाजारात ग्राहक पैसे देतो, वस्तू वापरतो आणि न आवडल्यास सोडून जातो. पैसा, पसंती आणि उपयोग या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या ठायी असतात. किंमत हीच तेथे बातमी असते.

आंतरराष्ट्रीय संस्थेत या तीन गोष्टी तीन ठिकाणी विखुरलेल्या असतात. पैसा देते एखादे देणगीदार राष्ट्र. संमती देतो मुख्यालयातील विभाग. आणि शिकते दूरच्या आरोग्यकेंद्रातील परिचारिका. तिने पाठ अर्ध्यावर सोडला तरी कोणाचे उत्पन्न बुडत नाही. देणगीदाराला अहवाल मिळतो, विभागाला समाधान मिळते. म्हणजे चूक कळवणारी यंत्रणाच येथे नाही. अशा संस्थेत चपळ पद्धती आहे तशी आणली, की प्रत्येक टप्प्यानंतर काम दाखवले जाते खरे. पण ते ज्याच्यापुढे दाखवले जाते तो शिकणारा नसतो, अधिकारी असतो. अधिकाऱ्याला रंगसंगती खटकते, संस्थेचे बोधचिन्ह लहान वाटते, आपल्या विभागाचा उल्लेख हवा असतो. टप्पे वाढतात, पाठ सुधारत नाही.

ई-शिक्षणाच्या खर्चाची घडणही ध्यानात घ्यावयास हवी. पहिली प्रत महाग असते. पुढची प्रत जवळजवळ फुकट. हे या माध्यमाचे मोठे बळ. पण ज्या गुणामुळे एक चांगला पाठ लाखोंपर्यंत जातो, त्याच गुणामुळे एक चुकीचे वाक्यही लाखोंपर्यंत आणि अनेक भाषांत जाते. वर्गातील शिक्षक समोरच्या चेहऱ्यांवरील गोंधळ पाहून वाक्य बदलतो. संगणकातील पाठाला डोळे नसतात. ते डोळे प्रकल्पाच्या रचनेतच बसवावे लागतात. किंमत ज्या ठिकाणी बातमी देत नाही, तेथे शिकणाऱ्याची वारंवार घेतलेली साक्ष हीच किमतीची जागा घेऊ शकते. पद्धतीत करावयाच्या सर्व फेरफारांचा गाभा हा आहे; बाकीचे तपशील त्याच्या सेवेला आहेत.

घड्याळे, निविदा आणि भाषा

हे तपशील मात्र क्षुल्लक नव्हेत. स्क्रम पद्धतीत रोज पंधरा मिनिटे उभ्या उभ्या बैठक घ्यावी असा संकेत आहे. एका खोलीत बसणाऱ्या सात-आठ जणांसाठी तो उत्तम. पण हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा जिनिव्हात दुपारचे तीन, दिल्लीत संध्याकाळचे साडेसात, मनिलात रात्रीचे दहा आणि फिजीतील सुवा येथे दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे दोन वाजलेले असतात. या पाचही शहरांत जागतिक आरोग्य संघटनेची कार्यालये आहेत. रोजच्या बैठकीचा आग्रह धरला, तर कोणाच्या झोपेचे मोल सर्वांत कमी हे वेळापत्रकच सांगून टाकते. आणि ते मोल बहुधा मुख्यालयापासूनच्या अंतराप्रमाणे घटत जाते. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात दाखवल्याप्रमाणे माणसे वाढली की त्यांच्यातील संवादाच्या वाटा त्याहून वेगाने वाढतात. पाच माणसांत दहा जोड्या, दहा माणसांत पंचेचाळीस. शिंगरू येरझाऱ्यांनीच मरते, ते असे.

दुसरा अडसर निविदेचा. सार्वजनिक पैसा खर्चावयाचा म्हणजे आधी तपशील ठरवून निविदा मागवावी लागते, आणि ते योग्यच आहे. पण इतके पडदे, इतकी मिनिटे, इतकी चित्रे असा करार झाला, की कंत्राटदाराला शिकणाऱ्याचे म्हणणे ऐकण्यात नुकसान दिसू लागते. प्रत्येक सुधारणा हा त्याच्या लेखी तोटा. मुंबई-पुण्यात परदेशी ग्राहकांसाठी ई-शिक्षणाचे साहित्य तयार करणारे व्यवसाय गेली दोन-तीन दशके चालू आहेत. तेथे नोकरी करणाऱ्या तरुणांना करारातील मिनिटे भरणे आणि शिकणाऱ्याचे समाधान करणे यांतील ही ओढाताण अपरिचित नसावी.

तिसरा अडसर भाषेचा. रूढ क्रमात इंग्रजी पाठ पूर्ण होतो, त्यावर शिक्का बसतो, मग तो भाषांतरासाठी जातो. तेव्हा कळते की चित्रांतच इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत; अरबी उजवीकडून डावीकडे जात असल्याने सारा पडदा उलटा मांडावा लागतो; आणि इंग्रजीतील तीन शब्दांच्या जागी दुसऱ्या भाषेत सात शब्द लागून ते चौकटीबाहेर सांडतात. ५ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सामान्य नागरिकांच्या मुखपट्टीविषयीचा आपला सल्ला बदलला. असा एक सल्ला बदलतो, तेव्हा ज्या ज्या भाषेतील ज्या ज्या पाठात तो असेल तो प्रत्येक पाठ बदलावा लागतो. ज्या अभ्यासक्रमाचे भाग सुटे आहेत तेथे एक वीट काढून दुसरी बसवता येते; जो एकसंध ओतला आहे तेथे भिंत पाडावी लागते.

बेतणी कशी करावी?

या अडचणींवरून चपळ पद्धती आंतरराष्ट्रीय संस्थांना पेलणारच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कोणता भाग ताठ ठेवावयाचा आणि कोणता लवचीक, याची वाटणी मात्र विचारपूर्वक केली पाहिजे.

विकास प्रकल्पांत १९६९ सालापासून, अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या संस्थेच्या पुढाकाराने, तार्किक चौकटीचा तक्ता वापरात आला. अंतिम ध्येय, उद्दिष्ट, निष्पत्ती आणि कृती अशा त्याच्या ओळी असतात. देणगीदाराला उत्तरदायी राहावयाचे असल्याने हा तक्ता टाळता येत नाही. पण त्याच्या सर्व ओळी सारख्याच ताठ असाव्यात असे मुळीच नाही. ‘परिचारिकेला हात धुण्याची व हातमोजे उतरवण्याची रीत अचूक करता यावी’ ही उद्दिष्टाची ओळ घट्ट धरावी. मुदत आणि एकूण रक्कमही घट्ट धरावी. आणि ते साधण्यासाठी किती पाठ, किती चित्रे, किती मिनिटे, ही कृतींची ओळ मोकळी सोडावी. ब्रिटिश शासनातून निघालेली आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या काही संस्थांनीही स्वीकारलेली ‘प्रिन्स-टू’ ही १९९६ सालची पद्धती प्रत्येक टप्प्याच्या शेवटी प्रकल्प पुढे न्यावयाचा की थांबवावयाचा, असा प्रश्न विचारावयास लावते. वरच्या पातळीवर अशी शिस्त आणि खालच्या पातळीवर चपळाई, असा संसार सुखाने चालू शकतो.

करारही याच धर्तीवर करता येईल. एकूण रकमेची कमाल मर्यादा ठरवावी. पहिला टप्पा एका नमुना-पाठापुरता ठेवावा. तो प्रत्यक्ष शिकणाऱ्यांपुढे उतरला तरच पुढचे टप्पे द्यावेत, आणि न उतरल्यास दोन्ही पक्षांना सन्मानाने बाहेर पडता यावे. त्यामुळे सार्वजनिक पैशाची सुरक्षितता कमी न होता वाढते; कारण सर्व रक्कम गुंतल्यानंतर चूक उमगण्याऐवजी ती पहिल्याच टप्प्यात उमगते.

संमतीच्या बाबतीत उपाय आंतरराष्ट्रीय व्यवहारातच उपलब्ध आहे. मार्च २०२० मध्ये आमसभेच्या बैठका भरवणे अशक्य झाले, तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाने मौन-संमतीची रीत अवलंबिली: मसुदा सर्व सदस्य राष्ट्रांकडे पाठवावा आणि किमान ७२ तासांच्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर तो संमत समजावा. राष्ट्राराष्ट्रांतील ठरावांना जी रीत चालते, ती पाठातील चित्राला का चालू नये? प्रत्येक विभागाला मत देण्याचा अधिकार असावा, पण त्या अधिकाराला मुदत असावी. औषधाची मात्रा किंवा जंतुसंसर्गाची खबरदारी यांसारख्या, चुकल्यास जीव जाईल अशा मजकुराला मात्र मौन पुरणार नाही. तेथे विषयतज्ज्ञाची स्पष्ट स्वाक्षरीच हवी. सारा मजकूर एकाच चाळणीतून घालण्याऐवजी जोखमीप्रमाणे चाळण्या वेगळ्या ठेवणे, हे खरे काम आहे. आणि मतभेद झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा, हे प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी एका व्यक्तीच्या नावासह लिहून ठेवावे. बारभाईंच्या कारभारात पाठ पुरा होतो, पण तो कोणाचाच नसतो.

रोजच्या बैठकीच्या जागी लेखी हस्तांतर आणावे. दिवसाचे काम संपवताना प्रत्येकाने काय झाले, काय अडले, हे चार ओळींत सामाईक फलकावर लिहावे. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांच्या काळात रुजलेल्या ‘कानबान’ पद्धतीतून आलेला असा फलक, घड्याळे जुळत नसलेल्या संघाला बैठकीपेक्षा अधिक मानवतो. त्यातील मुख्य नियम, एका वेळी हाती घ्यावयाच्या कामांवर मर्यादा, तर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ या रोगावरील अचूक औषध आहे. समक्ष बैठक आठवड्यातून एकदा, आणि गैरसोयीची वेळ आळीपाळीने सर्वांनी वाटून घ्यावयाची.

भाषांतरकाराला शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर आणणे हीही तितकीच निकडीची बाब आहे. पहिला नमुना-पाठच इंग्रजीखेरीज आणखी एका, शक्यतो रचनेने अगदी निराळ्या भाषेत त्याच टप्प्यात तयार करावा. चित्रातील अक्षरे, वाक्यांची लांबी, स्थानिक उदाहरणे यांतील सारे खाचखळगे तेथेच उघडे पडतात. यातील काहीच अगदी नवे नाही. १९६९ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने विषयाचा प्राध्यापक, संपादक आणि बीबीसीचा निर्माता यांना एका अभ्यासक्रम-गटात बसवून पाठ लिहिण्याची प्रथा पाडली होती. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे १९८९ पासून महाराष्ट्रालाही दूरस्थ शिक्षणाची ओळख आहे; शिक्षक समोर नसताना पुस्तकानेच शिक्षक व्हावयाचे, तर ते एकट्याने लिहून भागत नाही, हा त्या शिक्षणाचा धडा आहे.

मोजमाप कशाचे?

एवढे करूनही मोजपट्टी चुकीची असेल तर सारे व्यर्थ. ई-शिक्षणात नावनोंदणी मोजणे सर्वांत सोपे असते, म्हणून अहवालांत तीच झळकते. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्थांच्या मुक्त अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातील माहिती अभ्यासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे आढळले, की नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण अभ्यासक्रमात कधी आलेच नाहीत, आणि २०१७-१८ मध्ये सर्व सहभागींपैकी सुमारे तीनच टक्के लोकांनी तो पुरा केला. पुरा केलेल्यांनीही काय शिकले हा प्रश्न उरतोच. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ सालीच प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: शिकणाऱ्याला ते आवडले का, समजले का, त्याच्या वागण्यात उतरले का, आणि त्यातून अपेक्षित परिणाम झाला का. बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवर बसकण मारतात. प्रमाणपत्रांची संख्या वाढते. हात पूर्वीसारखेच धुतले जातात.

चपळ पद्धतीतही हीच फसगत संभवते. किती टप्पे पार पडले, फलकावरची किती कामे उजवीकडे सरकली, याचे आकडे लोभस असतात. ते संघाच्या हालचालीचे मोजमाप होय, शिकणाऱ्याच्या प्रगतीचे नव्हे. म्हणून टप्पा संपला असे केव्हा म्हणावे, याची व्याख्याच बदलली पाहिजे. ज्यांच्यासाठी पाठ आहे अशा पाच-सात व्यक्तींनी तो आपल्या स्वतःच्या मोबाइलवर, आपल्या नेहमीच्या जोडणीवर पाहिला, आणि नंतर अपेक्षित कृती करून दाखवली, तरच तो टप्पा पूर्ण.

यावर एक आक्षेप संभवतो. संस्थांकडे पैसा आटत असताना शिकणाऱ्यांच्या अशा चाचण्या ही चैन नव्हे काय? पैसा आटतो आहे हे खरेच. २०२५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने २०२६-२७ या दोन वर्षांसाठी ४.२ अब्ज डॉलरचा अर्थसंकल्प मंजूर केला. तो मूळ प्रस्तावाहून २१ टक्क्यांनी कमी होता. त्याच वर्षीच्या जुलैपासून ‘यूएसएड’ ही संस्थाही स्वतंत्रपणे अस्तित्वात उरली नाही. अशा काळात वर्गातील प्रशिक्षणाची जागा संगणकातील पाठाने घ्यावी असा दबाव वाढणार, हे उघड आहे. कारण तो स्वस्त आहे. पण जो पाठ कोणी शिकत नाही तो कितीही स्वस्तात झाला तरी महागच. पाच-सात परिचारिकांसमोर तासभर बसण्याचा खर्च हा त्या महागाईपासूनचा विमा आहे, आणि त्याचा हप्ता फारच थोडा आहे.

पद्धती कोणतीही असो, तिचे नाव इंग्रजी असो वा जपानी, तिने एकच कसोटी पार करावयाची आहे. पैसा देणारा आणि संमती देणारा यांच्या खुर्च्या बैठकीत आधीपासूनच मांडलेल्या असतात. तिसरी खुर्ची, शिकणाऱ्याची, मुद्दाम आणून मांडावी लागते. कारण ती रिकामी राहिली तरी बैठक सुरळीत पार पडते, आणि म्हणूनच ती रिकामी आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही.